सॅचुरेशन ९५-९६, तरी प्रचंड दम लागतोय. कॅन्सरच्या पेशंटसाठी घरी ऑक्सिजन मशीन आणावं का? (कोल्हापूर)

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. आप्पांना (माझे वडील, वय ७१) उजव्या फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, हाडांत आणि लिव्हरमध्ये पसरलाय. केमो झाली, पण अंगाला सोसेना. शेवटी आप्पाच म्हणाले, आता बास. डॉक्टरांनीही मान्य केलं. सध्या घरीच असतात. मंगळवार पेठेतलं जुनं घर, पहिला मजला.

दुखण्यावर गोळ्या चालू आहेत, ते बऱ्यापैकी आटोक्यात आहे. छळतोय तो दम. तरुणपणी पहाटे उठून तालमीत जोर-बैठका मारलेला माणूस. आता कॉटवरून उठून मोरीपर्यंत जाऊन आला की कितीतरी वेळ तोंडातून शब्द फुटत नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मान खाली घालून बसतात. खांदे वरखाली होत असतात. शर्टाची वरची बटणं ओढून काढतात. मध्यरात्री दचकून उठतात आणि म्हणतात, "खिडकी उघड." बाहेर धो धो पाऊस. आई म्हणते गारठा लागेल, हे म्हणतात उघड.

बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९५, ९६. अगदी दम लागलेला असतानासुद्धा. एकदा तेवढा ९३ दिसला होता.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ऑक्सिजन कमी नाही, मशीनचा उपयोग होणार नाही. बाहेर लाईन लागलेली, जास्त बोलणं झालं नाही. इकडे घरी आत्या कागलहून आली की पहिला प्रश्न, "माणूस असा तडफडतोय आणि तुम्ही ऑक्सिजन लावला नाही?" मामांचंही तेच. राजारामपुरीत एकाकडे मशीन भाड्यानं मिळतंय. पैशाचं बघता येईल. मला एवढंच विचारायचंय की दम लागतोय म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय असंच ना? आणि नाही झाला उपयोग तरी लावून ठेवल्यानं तोटा काय आहे?

कुणी घरी हे केलं असेल तर कृपया सांगा. आप्पांकडं बघवत नाही.

---

शिरोली_एमआयडीसी

दादा, माझ्या थोरल्या बहिणीसाठी आम्ही घरी मशीन ठेवलं होतं. तिचा आजार छातीत पसरला होता आणि सॅचुरेशन बसल्या जागी ८२-८४ असायचं, ओठ निळसर पडायचे. तिला ऑक्सिजनचा फरक पडला, समोर दिसत होता. बोलायला लागायची, दोन घास खायची. त्यामुळे मी ऑक्सिजनच्या विरोधात बोलणार नाही. पण तिचा आकडा आणि आप्पांचा आकडा यात मोठा फरक आहे, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

आणायचं ठरलंच तर कामाचं सांगतो, कारण भाड्यानं देणारा हे सांगत नाही. ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर घ्या. ते खोलीतलीच हवा ओढतं, आतल्या झिओलाइट नावाच्या दाण्यांमध्ये नायट्रोजन अडकतो आणि साधारण ९३ टक्के ऑक्सिजन बाहेर येतो. सिलिंडरसारखं भरून आणावं लागत नाही, पण लाईट पाहिजेच. साधारण ३५० वॅट खातं. १५० एएचच्या बॅटरीवर आमच्याकडं तीन-साडेतीन तास चालायचं, तेही दुसरं काही चालू न ठेवता. इन्व्हर्टर साइन वेव्हवाला हवा. आपल्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणून शेजारी बी टाइपचा सिलिंडर भरलेला ठेवावा लागतो. त्यात १५०० लिटर असतो, म्हणजे मिनिटाला २ लिटरनं बारा तास. ऑनलाइन स्वस्तात छोटी मशीन मिळतात त्यांच्या नादाला लागू नका. फ्लो वाढवला की त्यांतल्या बऱ्याच मशीनचा ऑक्सिजन पातळ होतो.

आणि आवाज. रात्रभर घुंईं चालू असतं, उष्णता बाहेर टाकतं. एका खोलीत सगळे झोपणारे असाल तर याचाही विचार करा. जाळी आठवड्याला धुवायची.

---

कसबा_बावडा_७

माझं मत वेगळं आहे. आणा मशीन. काका गेले तेव्हा आम्ही "गरज नाही" ऐकून गप्प बसलो आणि आजही घरात विषय निघाला की रडारड होते. उपयोग होवो न होवो, आपण सगळं केलं याचं समाधान राहतं. पेशंटलाही धीर येतो.

---

जुनी_सिस्टर

वडील ७१ म्हणजे तू माझ्या मुलाच्याच वयाचा असणार, म्हणून अरेतुरे करते. मी स्टाफ नर्स होते, नोकरीतली शेवटची बरीच वर्षं कॅन्सरच्या पेशंटमध्ये गेली. आता निवृत्त आहे, बोलावलं तर ओळखीपाळखीच्या घरी जाऊन बघते. सविस्तर लिहिते, सावकाश वाच.

तुझा पहिला प्रश्न. दम लागतोय म्हणजे ऑक्सिजन कमीच असतो असं नाही. मेंदू श्वास घ्यायचा हुकूम सोडतो आणि छाती, फुफ्फुसं, बरगड्यांचे स्नायू उलट निरोप पाठवतात की एवढा श्वास मिळाला. या दोन्हींचा मेळ बसला नाही की माणसाला गुदमरल्यासारखं होतं. गाठीनं फुफ्फुस दाबलं गेलं, आवरणात पाणी साठलं, मांड्या-दंड झिजले तसे श्वासाचे स्नायूही झिजले, रक्त कमी झालं, वर भीती बसली, यातलं काहीही हा मेळ बिघडवतं. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतानाही बिघडवतं. उलट ८५ आकडा असून शांतपणे चहा पिणारे पेशंटही मी पाहिलेत. तेव्हा आप्पांचा दम शंभर टक्के खरा आहे. आकडा चांगला आहे म्हणून त्यांना "काही नाही हो" असं कुणी म्हणू नका.

९५-९६ म्हणजे रक्ताची टाकी जवळपास काठोकाठ भरलेली आहे. आणखी मोटर चालवून टाकीत जास्त पाणी मावत नाही. हे माझं मत नाही, माणसांवर तपासून बघितलंय. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधले २३९ पेशंट, सगळ्यांना आजार बरा न होणारा, सगळ्यांना दम, पण रक्तातला ऑक्सिजन फारसा कमी नाही. अर्ध्यांना घरी मशीनमधून ऑक्सिजन दिला. उरलेल्यांना तसल्याच मशीनमधून, तसल्याच नळीतून साधी हवा. कुणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. सात दिवसांनी बघितलं तर दोन्हीकडं दम थोडा कमी झालेला, आणि ऑक्सिजनवाल्यांना साध्या हवेपेक्षा जास्त फायदा नाही. त्यातले बरेच पेशंट सीओपीडीचे (श्वासनळ्या आवळल्या जाणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) होते, सगळे कॅन्सरचे नव्हते, हेही सांगते. पण त्याआधी २००८ साली फक्त कॅन्सरच्या पेशंटचे पाच छोटे अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यातही ज्यांचा ऑक्सिजन फार उतरलेला नाही त्यांना फायदा दिसला नव्हता.

आता यातली मोलाची गोष्ट बघ. साध्या हवेनंसुद्धा थोडं बरं वाटलं. नाकाला, गालाला वारं लागलं की चेहऱ्याच्या नसेतून मेंदूला निरोप जातो आणि गुदमरल्याची भावना उतरते. तुझे आप्पा मध्यरात्री "खिडकी उघड" म्हणतात ना, त्यांच्या शरीरानं त्यांना बरोबर सांगितलंय. उघड ती खिडकी. पायांवर आणि छातीवर पांघरूण घाल, कानाला मफलर बांध, पण चेहरा मोकळा ठेव. आईंना सांग, गारठ्यानं हा आजार वाढत नाही.

टेबल फॅन असेल तर तो कॉटच्या पायथ्याशी नको, बाजूला तोंडाच्या उंचीवर ठेव, वारं गालावर आणि नाकावर आलं पाहिजे. त्याहून चांगला म्हणजे हातात धरायचा बॅटरीचा छोटा पंखा, बाजारात कुठंही मिळतो. चेहऱ्यापासून वीतभर लांब धरायचा, नाक आणि वरच्या ओठावरून हळूहळू या गालाकडून त्या गालाकडं फिरवायचा, पाच मिनिटं. याच्यावरही अभ्यास झालेत, फायदा दिसलाय. मुख्य म्हणजे तो आप्पांच्या हातात राहतो. दम लागला की कुणाला हाक मारायला नको, स्वतःचं स्वतः करता येतं. ज्या माणसानं आयुष्यभर अंगमेहनत केली त्याला हे किती लागतं ते मी बघितलंय. आणि लाईट गेली तरी चालतो.

मोरीला जायच्या आधी पंखा, आल्यावर पंखा. मधे एक खुर्ची ठेव, अर्ध्यात बसू देत. शक्यतो मोरीत नेऊच नको, कॉटशेजारी कमोडची खुर्ची ठेव, आप्पांना संकोच वाटेल पण दोन दिवसांत सवय होते. अंघोळ बसून, पाणी कोमट, दार पूर्ण बंद नको, वाफेनं जीव घाबरतो. बसताना पुढ्यात टेबल, त्यावर दोन उश्या, त्यांवर हात आणि डोकं टेकून पुढं झुकू देत. रात्री पाठीमागं तक्क्या-उश्या लावून अर्धवट बसतं झोपवायचं. श्वास सोडताना ओठ शीळ घालताना करतो तसे करून हळूहळू सोडायला सांग. तू समोर बसून त्यांच्याबरोबर कर. "श्वास घ्या, श्वास घ्या" असं ओरडायचं नाही, त्यानं माणूस जास्त घाबरतो. सोडायला सांगायचं.

दुसरा प्रश्न, लावून ठेवल्यानं तोटा काय. तोटा आहे. नाक कोरडं पडतं, खपली धरते, रक्त येतं. कानामागं नळी घासून जखम होते, झिजलेल्या माणसाला लवकर होते. नळीत पाय अडकून पडतात. तुमच्या घरात देवघर त्याच खोलीत आहे का? निरांजन, उदबत्ती, शेगडी, विडी, काहीच जवळ चालत नाही, ऑक्सिजन कापडात आणि केसात मुरतो आणि ठिणगी पडली की भडका होतो. नाकाला व्हॅसलीन किंवा बाम लावायचा नाही, पाण्यातलं जेल लावायचं. आप्पा विडी ओढणारे असतील आणि जुना दमा-सीओपीडी असेल तर जास्त ऑक्सिजननं अंगात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. अशांना आकडा ८८ ते ९२ एवढाच ठेवतात.

पण मला सगळ्यात वाईट वाटतं ते वेगळंच. नळी लावली की माणूस कॉटला बांधला जातो आणि घरचे त्याच्याकडं बघायचं सोडून बोटावरच्या आकड्याकडं बघायला लागतात. मी अशी घरं पाहिलीत, पेशंट काहीतरी सांगतोय आणि चौघं ऑक्सिमीटरवर वाकलेत. आप्पा दिवसा कुठं बसतात? गॅलरीत बसत असतील, खाली येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत असतील तर ते चालू राहू दे. नळीनं पहिलं ते बंद होईल. त्यांना स्वतःला काय हवंय ते विचारलंस का? तुझ्या पोस्टमध्ये आत्या आहेत, मामा आहेत, डॉक्टर आहेत.

ऑक्सिजन केव्हा? बसल्या जागी आकडा ९० च्या खाली राहायला लागला तर जरूर, तेव्हा डॉक्टरांना सांगून लावा, शिरोलीच्या भावांच्या बहिणीला झाला तसा फायदा होऊ शकतो. मोजताना हात गरम करून घे, नखाला रंग नको, आकडा अर्धा मिनिट स्थिर झाल्यावर वाच. आणि आकडा चांगला असूनही घरच्या आग्रहानं लावायचंच झालं तर मुदत ठरवून लावा. त्या २०१० च्या अभ्यासात ज्यांना बरं वाटलं त्यांना जवळपास सगळा फरक पहिल्या तीन दिवसांतच वाटला होता. तीन दिवस लावा, आप्पांनाच विचारा. "काही फरक नाही" म्हणाले तर काढा. हे आधी आत्यांसमोर बोलून ठेवा, नाहीतर काढताना "नळी काढली" असा बोल लागतो.

कसबा बावड्याच्या दादांना एक सांगते. तुमचं दुःख मला कळतं. २०२१ च्या त्या उन्हाळ्यात सिलिंडरसाठी आपण सगळे कसे पळालो, त्यानंतर ऑक्सिजन नाही म्हणजे माणूस सोडून दिला असंच सगळ्यांना वाटायला लागलं. पण कोरोनात फुफ्फुसं ऑक्सिजन रक्तात पोचवत नव्हती. इथं तो पोचतोय, त्रास दुसरीकडं आहे. काकांना मशीन लावलं नाही म्हणून ते तडफडले असं मनाला लावून घेऊ नका. समाधान आपल्याला हवं असतं हे खरं, पण ते पेशंटच्या नाकात नळी घालून मिळवू नये असं माझं ठाम मत आहे. आत्या आल्या की पंखा आत्यांच्या हातात द्या. पाय चेपू देत, डोक्यावरून हात फिरवू देत. काहीतरी करायला मिळालं की माणूस कमी बोलतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी राहिलं. दमावर सगळ्यात जास्त अनुभव असलेलं औषध म्हणजे थोड्या डोसची मॉर्फिन. डॉक्टरांना स्पष्ट विचार.

---

मंगळवारपेठकर

सिस्टर, काय बोलू. आईला सगळं वाचून दाखवलं. देवघर त्याच खोलीत आहे, आई सकाळ-संध्याकाळ निरांजन लावते. खिडकी आता रात्रभर उघडी ठेवतोय. आप्पा विडी ओढायचे, आजार कळला तेव्हा सोडली.

आप्पांना विचारलं. म्हणाले, "मला नळी नको. मला गॅलरीत बसू दे."

पण मॉर्फिनचं नाव काढलं आणि घरात एकदम शांतता. मामा म्हणाले, ते दिलं की माणूस चार दिवसांत जातो, श्वास बंद पडतो. दमाच्या पेशंटला श्वास मंद करणारं औषध कसं देतात? खरंच विचारतोय.

---

गडहिंग्लज_फिजिशियन

रास्त शंका आहे, डॉक्टरांमध्येसुद्धा ही भीती असते.

मॉर्फिन श्वास थांबवते ती एकदम मोठा डोस दिला तर. दमासाठी दिला जाणारा डोस फार कमी असतो. नव्यानं सुरू करताना १० मिलिग्रॅमच्या गोळीची पाव किंवा अर्धी, ठरावीक तासांनी, आणि बघत बघत वाढवायची. एवढ्यानं श्वास बंद पडत नाही. मेंदूला जी धोक्याची घंटा सतत ऐकू येते तिचा आवाज कमी होतो, आणि श्वासांची घाई उतरते. रक्तातला ऑक्सिजन त्यानं घसरत नाही. सगळ्यांना सारखा गुण येत नाही हेही प्रामाणिकपणे सांगतो, पण कॅन्सरच्या पेशंटमध्ये औषधांपैकी पहिला विचार याचाच करतात. किडनी कमजोर असेल तर डोस आणि तास बदलावे लागतात, म्हणून स्वतःच्या मनानं किंवा दुसऱ्याच्या पेशंटच्या गोळ्या मागून अजिबात देऊ नका. आधीच दुखण्यासाठी ट्रामाडॉलसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा.

"चार दिवसांत जातो" असं का वाटतं? कारण आपल्याकडं मॉर्फिन अगदी शेवटच्या आठवड्यात सुरू होते. माणूस आजारानं जातो, नाव गोळीचं होतं.

गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणार नाही. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ती फार कमी ठिकाणी ठेवली जायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ठेवता येते. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना "पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणारे उपचार) कुठं मिळेल, मॉर्फिन कुठं मिळेल" असं नेमकं विचारा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही चौकशी करा. मुंबईत टाटा मेमोरियलला यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तिथली फाइल असेल तर त्यांच्याशी बोला.

सिस्टरांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे, एका गोष्टीवर मी जास्त जोर देईन. दमाचं कारण शोधलंय का? छातीचा एक्स-रे शेवटचा कधी काढला? आवरणात पाणी असेल तर सुईनं काढून त्याच दिवशी आराम पडू शकतो, आणि पुन्हा पुन्हा भरत असेल तर छोटी नळी ठेवता येते. हिमोग्लोबिन किती? विडीचा इतिहास आहे म्हणजे श्वासनळ्या आवळल्या असतील तर पंप किंवा नेब्युलायझरनं उतरेल. ताप, पिवळा कफ असेल तर जंतुसंसर्ग. आणि दम अचानक, काही मिनिटांत वाढला, एका पायाला सूज आली, छातीत कळ आली, किंवा चेहरा-मान सुजली, तर इथं लिहीत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. फुफ्फुसात रक्ताची गुठळी असू शकते किंवा मोठी शीर दबलेली असू शकते. बरा न होणारा आजार आहे म्हणून या गोष्टी शोधायच्याच नाहीत असं होता कामा नये.

---

शिरोली_एमआयडीसी

डॉक्टर, बहिणीलाही मॉर्फिन चालू होती, बरेच महिने. हिशेब करत होती, भाचीच्या लग्नाच्या याद्या केल्या तिनं. मामांना हे सांगा.

---

मंगळवारपेठकर

जमेल तसं कळवतोय.

एक्स-रे काढला. उजवीकडं पाणी आहे पण थोडं, डॉक्टर म्हणाले एवढ्यासाठी सुई घालायला नको, लक्ष ठेवू. हिमोग्लोबिन मात्र ७.४ निघालं. इतके दिवस आम्ही अशक्तपणा आजाराचाच धरून चाललो होतो. एक पिशवी रक्त चढवलं. चालताना लागणारा दम थोडा उतरलाय, नाहीसा नाही.

मॉर्फिनचं मी थेट नाव घेऊन विचारलं. डॉक्टरांनी या वेळी खुर्ची ओढून बसायला सांगितलं, बराच वेळ बोलले आणि अर्धी गोळी दर चार तासांनी लिहून दिली, रात्रीच्या वेळा जरा सांभाळून. पहिले दोन दिवस आप्पा पेंगुळलेले होते, आई घाबरली. तिसऱ्या दिवशी ताजेतवाने. आता रात्री उठतात पण दचकून उठत नाहीत. पंखा उशाशी असतो, स्वतः चालू करतात, तोंडावरून फिरवतात आणि पुन्हा डोळे मिटतात. मोरीऐवजी खुर्चीला मात्र अजून तयार नाहीत, भिंत धरून जातातच.

मामांना शिरोलीच्या दादांचा निरोप वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण विरोधही केला नाही. आत्याचं अजून मशीनच चालू आहे. तिला सिस्टरांचं तीन दिवसांचं सांगितलं, आप्पांचं उत्तरही सांगितलं. तिला पटलेलं नाही. येते, पंख्यानं वारा घालत बसते आणि जाताना मला दारात पुन्हा विचारते. मशीन सध्या आणलं नाही. आकडा ९४-९५ आहे, सकाळ-संध्याकाळ एवढाच बघतो.

एक अडचण आहे. तीन दिवस पोट साफ झालेलं नाही. गोळीमुळं असेल का? गोळी बंद करू का?

---

जुनी_सिस्टर

गोळीमुळंच. मॉर्फिन चालू झाली की पोट साफ व्हायचं औषध त्याच दिवशी चालू करायचं असतं. पेंग उतरते, मळमळ उतरते, बद्धकोष्ठ मात्र आपोआप जात नाही, गोळी आहे तोवर औषध लागतं. चिठ्ठी नीट बघ, लिहून दिलेलं असेल आणि मेडिकलवाल्यानं दिलं नसेल असंही होतं. नसेल तर आजच फोन करून विचार. तीन दिवस झालेत, इसबगोलच्या भरवशावर थांबू नको, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला त्यानं उलट आतडं तुंबतं. पोट फुगलं असेल, उलट्या असतील तर फोनवर न भागवता दाखवायला ने. पोट गच्च असेल तर ते वर छातीला दाबतं आणि दम वाढतो, म्हणून हे किरकोळ समजू नको.

गोळी मनानं बंद करू नको, एकदम थांबवायची नसते. वेळा वहीत लिही, कुणी दिली तेही लिही, म्हणजे आईनं आणि तू दोघांनी दिली असं व्हायचं नाही. पाकीट कुलपात ठेव. हाक मारून जाग येत नाही, श्वास फारच सावकाश झालाय असं वाटलं तर पुढची गोळी न देता आधी डॉक्टरांना कळव. लघवी कमी झाली तरी कळव.

आत्यांचं मनावर घेऊ नको. त्यांचा भाऊ आहे, त्या विचारणारच. दर वेळी तेच उत्तर शांतपणे दे.

भिंत धरून जातायत तर जाऊ देत, मधली खुर्ची तेवढी हलवू नको. मोरीत रबरी मॅट टाक. आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा तो नंबर डॉक्टरांकडून आत्ताच मागून घे आणि आईंना दिसेल असा भिंतीवर चिकटव.